झिलू मेस्त्रीचं मत्तीचं दार

रामनगरच्या बाजारात झिलू मेस्त्रीचा विषय निघाला की लोक आधी हसतात आणि मग, आपण कशाला हसलो ते आठवून, गप्प होतात. हसायला कारणही तसंच आहे. हा माणूस दारं करतो आणि ती फोडायला देतो. महिना-दीड महिन्यानं दार टेम्पोत घालायचं, बाजारामागच्या मैदानावर न्यायचं, आपल्या हातानं उभं करायचं आणि मग बाजूला बसून लोक ते पहारीनं कसं उचकटतात ते बघत राहायचं. संध्याकाळी फळ्यांचे तुकडे गोळा करून घरी आणायचे, चुलीत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्या दाराला लागायचं. चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी म्हणतंच, "झिलू, एवढा रंधा कशाला मारतोयस? दुपारपर्यंत त्याचं सरपणच व्हणार हाय न्हवं?"

"सरपण व्हईपर्यंत ते दार हाय," झिलू म्हणतो आणि बशीतला चहा संपवतो.

दार फोडणारे लोक चोर-दरोडेखोर नव्हेत. आगीच्या बंबावरच्या माणसांना बंद दार उघडायला शिकवावं लागतं. आत माणूस अडकलेलं असतं, धूर भरलेला असतो, आणि नुसतं अंगात बळ असून भागत नाही. पहारीचं टोक कुठं घालायचं, चौकटीला रेटा कुठून द्यायचा, दोघांनी घण आणि पहार कशी धरायची, हे सगळं आधी खोट्या दारावर गिरवावं लागतं. बंबाच्या ठाण्याचे साहेब सुदेश नायक हे कारवारकडचे, बोलण्यात कोकणी हेल असलेले. ते ठाण्यातल्या नव्या भरतीबरोबर आसपासच्या गावांतली तरुण पोरंपोरीही शिकायला बोलावतात, कारण जोयड्याच्या जंगलातल्या वस्त्यांवर बंब पोचेपर्यंत गावानंच काहीतरी करायला हवं. त्यांना दारं पुरवायचं काम झिलूकडं आलं, आणि ते त्यानं का घेतलं हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. निदान तसं सगळ्यांना वाटतं.

झिलूचा बाप खानापूरकडून वाकस आणि करवत घेऊन इथं आला. हात बापापेक्षा मुलाचा सरस निघाला, आणि तोंडही. "माझं दार पावसात धरत न्हाई," हे वाक्य झिलूनं आयुष्यात इतक्यांदा म्हटलं असेल की त्याच्या घरच्या शेळीलाही ते पाठ झालं असावं. या मुलखात आषाढापासून भाद्रपदापर्यंत पाऊस असा लागतो की मिठाला पाणी सुटतं आणि लाकूड फुगतं. घराघरांतली दारं चौकटीला धरून बसतात. त्यावर तोड सगळ्यांना येते. कडीला धरून दार जरासं वर उचलायचं आणि खाली गुडघा द्यायचा, की उघडतं. पावसाळ्यात पाहुणा आला तर त्याला आधी हे सांगतात आणि मग पाणी विचारतात. झिलूला याचा भारी राग. "दार हाय का आजारी म्हातारी, उचलून न्यायला?" असं तो लोकांच्या उंबऱ्यात उभा राहून म्हणायचा.

आणि त्याच्या गिऱ्हाइकांची दारं खरोखर धरत नसत. सागवान वर्षं-वर्षं सावलीत वाळवून मगच तो त्याला हत्यार लावी. आपल्या घराला मात्र त्यानं मत्तीचं, म्हणजे ऐनाच्या लाकडाचं, दार केलं. सुताराच्या घराला उरलेलं लाकूड मिळतं, तसं ते मिळालं होतं. पुरतं वाळलं नव्हतं, पण वजनाला एवढं होतं की बसवायला चौघे लागले. आतून त्यानं आडणा केला. म्हणजे दाराच्या मागं आडवा टाकायचा जाड दांडा, चौकटीच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या लाकडी कानांत अडकवायचा. दार पुजलं त्या दिवशी झिलू जमलेल्यांना म्हणाला, "आत आडणा घातला की भाईर हत्ती आला तरी परत जाईल." लोकांनी माना डोलावल्या. त्यात खोटं काही नव्हतं.

सुमंगला, झिलूची बायको, उळवीकडची. कमी बोलणारी, पण नवऱ्याची बढाई ऐकताना एका बाजूनं ओठ मुडपून हसणारी. मूलबाळ नव्हतं. झिलू दिवसभर कुणाच्या तरी घरी चौकटी बसवीत असायचा आणि ती एकटीच घरात. रामनगरच्या त्या टोकाला माकडांचा धुमाकूळ. दार उघडं दिसलं की आत शिरतात, डबे उलथतात, भाकरी पळवतात. म्हणून दुपारी ती आडणा घालून बसायची. त्यावरून दोघांचं रोज वाजे.

"जेवायला येतो तवा हाका मारून घसा सुकतो," झिलू ओरडायचा. "दुपारचा आडणा घालू नको म्हणून किती दिवस सांगू?"

"माकडं येत्यात."

"माकडांपायी नवऱ्याला भाईर ठेवतीस व्हय?"

ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत आडणा घालायची. एवढ्या एका बाबतीत तिनं त्याला कधी जुमानलं नाही. तिची स्वतःची तक्रार वेगळीच होती. "अवो, दार धरतंय. जरा रंधा फिरवा की एका बाजूनं." हे ती एका पावसाळ्यात सांगत होती, दुसऱ्यातही सांगत होती. झिलूचं उत्तर ठरलेलं होतं. "झिलू मेस्त्रीचं दार धरत न्हाई. तुझ्या हातात जोर न्हाई." आणि तो स्वतः घरी येई तेव्हा खांद्याच्या एका हिसक्यानं ते उघडून दाखवी. तिच्या हातांना काय करावं लागतं ते त्यानं बघितलं नाही.

श्रावणातली दुपार होती. सुमंगलाला ताप होता. सकाळी निघताना झिलू तिच्यावर खेकसला होता. आदल्या दिवशी पावसात उभं राहून त्यानं कितीतरी हाका मारल्या होत्या, त्याचा राग होता. तो बाजारात एका दुकानाची चौकट बसवत असताना कुणीतरी धावत आलं. घराच्या मागच्या अंगाला त्याची सुतारखोली होती, तिथल्या जुन्या वायरीनं ठिणगी टाकली, खाली भुशाचा ढीग आणि पॉलिशचे डबे. मागचं दार त्या खोलीतच उघडायचं, म्हणजे ती वाट बंद. खिडक्यांना गज. झिलू धावत पोचला तेव्हा कौलांमधून पिवळा धूर निघत होता आणि समोरचं दार बंद होतं.

शेजारचे दोघंजण त्या दाराला खांदा देत होते. झिलूनं त्यांना धरून मागं ओढलं. "आडणा हाय आत! धक्क्यानं उघडायचं न्हाई ते! कुऱ्हाड आणा!" दार त्याचं होतं, त्याला ठाऊक होतं, म्हणून कुणी वाद घातला नाही. कुऱ्हाड आली. आडणा जिथं असणार तिथंच, दाराच्या बरोबर मध्यावर, झिलू घाव घालत राहिला. ओली मत्ती कुऱ्हाडीचं पातं गिळायची आणि सोडायची नाही. प्रत्येक घावाला पातं हलवून काढावं लागे. तो सुमंगलाला हाका मारत होता, आडणा काढ म्हणून ओरडत होता.

शेवटी परशू छपरावर चढला. परशू म्हणजे शेजारी, बालपणीचा सोबती, टेम्पो चालवणारा. त्यानं पुढच्या अंगाची कौलं काढली, तोंडाला ओला टॉवेल बांधून आत उतरला, आणि थोड्या वेळानं ते दार आतून उघडलं. सुमंगला अंथरुणावरच होती. अंगाला आग लागली नव्हती. धुरानंच गेली. तालुक्याहून निघालेला बंब घाटातून आला तोवर अंगणात माणसं डोक्याला हात लावून बसली होती. त्याच बंबावर सुदेश साहेब होते.

त्या संध्याकाळी झिलूनं परशूला एकच विचारलं. "आडणा व्हता न्हवं?"

परशूच्या भुवया जळलेल्या होत्या. तो म्हणाला, "व्हता, झिलू. मी माझ्या हातानं काढला."

नंतर घर सावरलं, पुढं पत्र्याचं दार लागलं. मत्तीचं दार चौकटीसकट परशूच्या पडवीत जाऊन भिंतीला टेकलं, आडणाही तिथंच. झिलू तिकडं फिरकायचा नाही. सहा-आठ महिन्यांनी सुदेश साहेब घर शोधत आले आणि अंगणात उभ्या उभ्याच, फार संकोचानं म्हणाले, "मेस्त्री, शिकवायला दारं हवीत. तुम्हाला विचारू नये, पण..." बाजारात कळलं तेव्हा लोक साहेबांवर भडकले. माणसाचं कुणाला काही आहे की नाही! पण झिलूनं वाक्य पुरं व्हायच्या आत होकार दिला होता.

लोकांना वाटलं, पुण्याचं काम म्हणून करतोय. तसं त्यात होतंही थोडं. पण झिलूच्या जिवाला एक वेगळीच गोष्ट खात होती. आडणा घातलेलं आपलं दार, जाणती माणसं आणि नीट हत्यारं असती, तर वेळेत उघडलं असतं का? उघडलं नसतं तर निदान एवढं तरी म्हणता येईल की कुणाच्याच हातात काही नव्हतं. उघडलं असतं तर सुमंगला वाचली असती, आणि मग बंबाची वाट दूर म्हणून रडता येईल, आपल्या अडाणीपणावर रडता येईल. कुठलं उत्तर हवंय हे त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं. दुसऱ्या लाकडाची दारं फुटताना बघून तो अंदाज बांधायचा, पण हलकं लाकूड मत्तीची गोष्ट काय सांगणार?

सुदेश साहेबांचा पहिल्या दिवशीचा एक ठरलेला खेळ होता. दार नुसतं ओढून घ्यायचं, आत काही लावायचं नाही, आणि नव्या पोरांना सांगायचं, उघडा. पोरं घण-पहार घेऊन तुटून पडायची. दार निम्मं फुटलं की साहेब शांतपणे पुढं जायचे आणि एका बोटानं ते ढकलून उघडायचे. "पहिला नियम. फोडायच्या आधी हात लावून बघा." मैदान हसायचं. झिलूही दर वेळी हसायचा. तो नियम आपल्याला कधी लागू होईल असं त्याच्या मनातही आलं नाही. त्याच्या दाराला आडणा होता.

यंदा भाद्रपदात त्यानं परशूला सांगितलं, "उद्या ते दार न्यायचं."

"कुठलं?"

"माझं."

परशू टेम्पोची काच पुसायला लागला. मग म्हणाला, "कशाला रं उकरून काढतोस? गेलं ते गेलं. साक आता, पुरे झालं." झिलू ऐकत नाही म्हटल्यावर त्यानं दोन माणसं बोलावली आणि दार गाडीत चढवलं.

मैदानावर चौकट पुरली, दार बसवलं. झिलूनं आपल्या हातानं आडणा कानांत घातला. साहेबांनी कुऱ्हाडीचे जुने घाव बघितले आणि त्यांना ओळख पटली. "मेस्त्री, हे नको," ते हळूच म्हणाले.

"सायेब, याच दाराचं मला बघायचं हाय. दोन वर्सं मी तुमाला दारं दिली. एक माझं बघा."

पोरं लागली. एकानं पहारीचं चपटं टोक चौकट आणि दाराच्या फटीत, आडण्याच्या बरोबर उंचीवर बसवलं, दुसऱ्यानं घण घातला, मग दोघांनी मिळून रेटा दिला. जागा बदलली, पुन्हा घण, पुन्हा रेटा. झिलू ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होता. कर्र आवाज झाला, आतला एक कान उपटून निघाला, आडणा खाली पडला आणि दार उघडलं. फार वेळ गेला नव्हता. साहेब झिलूकडं न बघता म्हणाले, "हत्यारं होती म्हणून, मेस्त्री. शिकलेली पोरं आहेत म्हणून. त्या दिवशी तुमच्याकडं यातलं काही नव्हतं." झिलूनं मान हलवली. वाचली असती. उत्तर मिळालं होतं, आणि त्याचे डोळे भरून आले. तरी वर्षानुवर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी जरा हललं असं त्याला वाटलं. आपण अडाणी होतो, एवढाच आपला गुन्हा.

मग तो पडलेला कान उचलायला आत गेला. सुताराचा हात, तुटकं लाकूड तसंच टाकवत नाही. कानाच्या ओठावर आडणा दाबला गेला होता तिथं बोटभर खोल चेपलं होतं, तंतू फुटून बाहेर आले होते. आडण्यावरही तसाच ताजा वळ. दुसऱ्या कानावरही. झिलू ते अंगठ्यानं चाचपत राहिला.

आणि त्याला कळलं. आज सकाळी आडणा घालताना हे कान कोरे होते. त्यानं पटाशीनं काढले तसेच, धारदार कडांचे. त्या दुपारी दोन गड्यांनी दाराला खांदे दिले होते. त्यानं स्वतः मध्यावर घाव घातले होते, सगळं बळ लावून. मागं आडणा असता तर त्याचा वळ कानांवर उठला असता. आडण्यावर उठला असता. लाकूड विसरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? जवळजवळ तीन वर्षं ते दार परशूच्या पडवीत उभं होतं, आणि त्यानं एकदाही आतल्या बाजूनं बघितलं नव्हतं.

तो बाहेर आला. "सायेब, एक डाव अजून. आडण्याशिवाय."

दार ओढून घेतलं. पावसाची झड चालूच होती, मत्ती फुगलेली होती, दार चौकटीत घट्ट जाऊन बसलं. साहेबांनी गुंद गावच्या एका पोरीला पुढं केलं. भाग्यलक्ष्मी तिचं नाव, जंगलातल्या शेतकऱ्याची लेक, पहिल्याच दिवशीच्या खेळात हसू झालेलं, त्यामुळं नियम पक्का ध्यानात ठेवणारी. तिनं पहार खाली ठेवली. दाराला तळहात लावला. ढकलून बघितलं, हललं नाही. मग तिनं कडीला धरून दार जरासं वर उचललं, खाली गुडघा दिला, आणि दार उघडलं.

मैदानात टाळ्या पडल्या. भाग्यलक्ष्मी लाजून म्हणाली, "धरलंया नुसतं. आमच्या गुंदात पावसात समदी दारं असलीच की वो."

झिलू टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मागं उभा होता. त्याच्या शेजारी परशू होता. परशू विझलेली विडी ओढत होता आणि त्याला ती विझलेली कळत नव्हती.

परतीच्या वाटेवर दार मागं आदळत होतं. नाक्याजवळ गोव्याकडं जाणारे ट्रक लागले होते, तिथं गाडी थांबली तेव्हा परशूच बोलला. कुणी विचारलं नव्हतं तरी बोलला.

"आडणा व्हता, झिलू. मी माझ्या हातानं काढला. देवाशपथ."

झिलूनं त्याच्याकडं बघितलं. भुवया पुन्हा नीट आल्याच नव्हत्या. हा माणूस कौलं उचकटून धुरात उतरला होता, सगळ्या गावाला येणारी युक्ती करून त्यानं ते दार आतून उघडलं होतं, आणि बाहेर आल्या आल्या त्याच्या ध्यानात आलं असणार की आता आयुष्यभर खोटं बोलावं लागणार. तो ते बोलला. आज देवाची शपथही वाहिली. झिलूच्या मनात त्याच्याविषयी माया दाटली.

"व्हय," तो म्हणाला. "व्हताच. मला ठावं हाय."

परशूनं सुस्कारा सोडला आणि गिअर टाकला.

दार झिलूनं या वेळी गडी लावून आपल्या अंगणात, दोन तिपायांवर आडवं उतरवून घेतलं. परशू आणि गडी गेल्यावर त्यानं पावसाला आडोसा म्हणून वर ताडपत्री बांधली, आणि रंधा आणला. ज्या कडेला ते धरत होतं ती कड त्याला शोधावी लागली नाही. चौकटीला घासून ती काळी आणि गुळगुळीत झालेली होती. तिच्या खालच्या बाजूला, कडीच्या खाली, आतून, हातांचा डाग होता. दोन्ही हात लावून रोज ओढणाऱ्या बाईचा, हळदीतेलाचा, जुना डाग. त्यानं त्या डागाला धक्का लागू दिला नाही. रंधा कडेवरून फिरवला. पातळ, लांब साल निघाली. काम अर्ध्या घटकेचंसुद्धा नव्हतं.

काम करताना त्याला ती सकाळ आठवली. तो खेकसत होता, ती तापानं अंथरुणावर उठून बसली होती. "आज तरी आडणा घालू नको," तो म्हणाला होता. "मी जेवायला येणार हाय. पुन्हा पावसात उभा ऱ्हाणार न्हाई." ती म्हणाली होती, "बरं." रोज म्हणायची तसंच, म्हणून त्यानं ते ऐकूनही घेतलं नव्हतं. रोज बरं म्हणायची आणि आडणा घालायची.

सगळ्या संसारात तिनं त्याचं हे एक कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं होतं. दार नुसतं ओढून, त्याच्यासाठी उघडं ठेवून ती झोपली होती.

झिलूनं रंधा खाली ठेवला आणि त्या दारावर डोकं टेकून, अंगणात, भर दिवसा, मोठ्यानं रडला. शेजारच्या पडवीत परशू उभा होता. त्याला ते ऐकू येत होतं. तो आला नाही.